निर्माल्यात गेलेलं डोंगल

माणसाच्या स्वातंत्र्याचा इतिहास म्हणजे खरं तर कुलपांचा इतिहास. हे वाक्य मी एका शुक्रवारी दुपारी, चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये बसून, चार पानी पत्राच्या सुरुवातीला लिहिलं. ज्या कुलपाबद्दल लिहीत होतो त्याची किल्ली तेव्हा झेंडूच्या माळेसकट इंद्रायणीत होती.

त्या वर्कशॉपमध्ये मी कागदपत्रं सांभाळायचो. कुठल्या भागाचं माप कोणी, कधी आणि कशानं घेतलं, एवढंच माझं साम्राज्य. चिंचवडहून रोज जायचो. भाग ब्रेकचे होते, त्यामुळे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शावरूनही भांडणं होत. मापं घ्यायला एक मशीन होतं. काडीच्या टोकाला बसवलेल्या लाल मण्यानं ते भागाला हलकेच शिवायचं आणि आकडे द्यायचं. ते चालवणारी ताई लातूरकडची. तीन वर्षं कंत्राटावर होती. सोमवारी ग्राहक कंपनीचं ऑडिट नीट पार पडलं की तिला कायम करायचं, असं शेठनी सगळ्यांसमोर सांगितलेलं. ऑडिटमध्ये तीन वर्षांची मापं दाखवायची होती, आणि ती सगळी संगणकात होती.

संगणक मशीनवाल्या कंपनीनंच दिलेला. त्यातला प्रोग्रामही त्यांचाच. आणि तो प्रोग्राम उघडायला संगणकाला एक करंगळीएवढं डोंगल लावावं लागे. ते नसेल तर प्रोग्राम कुणालाच ओळख देत नसे.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पाटावर मांडतात. ताईनं व्हर्नियर मांडले, मायक्रोमीटर मांडले, गेज मांडले आणि शेवटी संगणकाचं डोंगल काढून तेही मांडलं. ज्याच्यावाचून मशीन हलत नाही ते हत्यार नाही तर काय, असं तिचं म्हणणं. हळद-कुंकू झालं, झेंडू झाला, पेढे झाले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी सकाळी शेठनी सर्वांआधी येऊन व्हर्नियर-मायक्रोमीटर कपाटात ठेवले, फुलांच्या ढिगाची पिशवी, आत डोंगल राहिलंय हे न पाहता, बांधली आणि निर्माल्यासाठी कुंड असतानाही मोशीच्या पुलावरून नदीत सोडली. इंद्रायणीनं बुडालेल्या वह्या वर आणून दिल्याची गोष्ट इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगलच्या बाबतीत तिच्यावर तशी सक्ती नाही.

मशीनवाल्यांना फोन केला. त्यांनी नम्रपणे सांगितलं की जुन्या प्रोग्रामचं डोंगल आता मिळत नाही, नवा प्रोग्राम घ्यावा लागेल. नवा प्रोग्राम जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नाही. नवी सिस्टिम या संगणकाला झेपणार नाही, पण काळजी नको, संगणकही तेच देतात. सगळा संच एकत्रच येतो, तीन आठवड्यांत.

शेठचं घराणं तिथलंच जुनं. वर्कशॉप उभं आहे त्या जागी त्यांच्या वडिलांची बैलजोडी बांधलेली असे. त्यांनी फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "म्हंजी कासरा हरवला तर बैल आन गोठा दोन्ही नवं घ्यायचं. त्येबी त्यांच्याकडनंच."

एका वस्तूच्या गळ्यात दुसरी बांधून विकण्याची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात वाचलेली नव्हती, आणि ती पुस्तकं मी हौसेनं वाचत होतो. माझ्या अंगात वारं शिरलं. परदेशात एका बड्या कंपनीला ऑपरेटिंग सिस्टिमसोबत गाणी वाजवायचा प्रोग्राम चिकटवून विकल्याबद्दल दंड झाला होता. आपली सिस्टिम इतरांशी कशी बोलते तेही तिला उघड करावं लागलं होतं. आपल्याकडे दिल्लीत मोबाईलमध्ये आधीच भरून येणाऱ्या ॲपवरून तसाच निकाल लागलेला. वर्षानुवर्षं नुसतं वाचलेलं सगळं आता माझ्या टेबलावर येऊन बसलं होतं. मी जेवायला गेलो नाही. आमची मापं आमच्या मालकीची आहेत, त्यांची फाइल कशी रचली आहे ते आम्हाला सांगा, अशी मागणी मी अकरा मुद्द्यांत मांडली. तत्त्व म्हणून पत्रही फुकट मिळणाऱ्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या प्रोग्रामात लिहिलं आणि संध्याकाळी त्याच्याच फॉरमॅटमध्ये ईमेलनं पाठवून दिलं.

ताईनं दिवसभरात एकदाच विचारलं, "सर, डोंगल मी मांडलं हे ऑडिटला सांगावं लागंल का?" सांगावं लागेल, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि स्वच्छ असलेले गेज पुन्हा पुसायला घेतले.

शनिवारी उत्तर आलं नाही. मी ताईला पत्र मोठ्यानं वाचून दाखवत होतो. सातव्या मुद्द्यावर, म्हणजे माहितीच्या कैदेबद्दलच्या माझ्या आवडत्या परिच्छेदावर आलो, तेव्हा ती म्हणाली, "थांबा जरा सर. हे आपल्याच भागाच्या भोकाचं माप हाय की."

माझं वाचन चालू असताना तिनं एक फाइल संगणकातल्या साध्या नोटपॅडमध्ये उघडली होती. पडद्यावर आकड्यांच्या ओळी होत्या. भाग क्रमांक, तारीख, मापं, सगळं. फाइलच्या नावाची शेपटी तेवढी परकी होती. आत साधा मजकूर. कुलूप नव्हतंच, नुसती कडी होती, आणि ती दोन दिवसांत कुणी सरकवून पाहिली नव्हती. निदान अकरा मुद्दे लिहिणाऱ्यानं तरी नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी आयुष्यात क्वचित इतका आनंदात होतो. ताई फाइल उघडायची, आकड्यांवरून भाग ओळखायची, मी छापायचो. शेठ दर तासाला चहा आणि कागदाचं नवं रीम घेऊन यायचे. रविवारी दुपारी शेवटचं पान निघालं तेव्हा ते प्रिंटरला म्हणाले, "भावा, जिंकलो." मीही प्रिंटरला मनापासून नमस्कार केला.

सोमवारी ऑडिटर आले. ताईनं डोंगलचं स्वतःहून सांगितलं. त्यांनी तीन वर्षांतली हवी ती पानं मागितली, मिळाली. एक भाग समोर मोजायला सांगितला, तो तिनं मायक्रोमीटरनं मोजला. शेरा एकच आला: पूजेनंतर साहित्य मोजून परत घेण्याची लेखी पद्धत नाही. ती मी त्याच दुपारी लिहिली, आणि ताईच्या कायम नेमणुकीचं पत्रही.

मंगळवारी मशीनवाल्यांचं उत्तर आलं. तुमचं पत्र आमच्याकडे उघडत नाही, कृपया नेहमीच्या फॉरमॅटमध्ये पाठवा.