पाचवा अणू

पिंगळीच्या हायस्कुलात बसवराज प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याचं शिक्षण सातवी. सामान वर्गात नेऊन ठेवायचं आणि तास संपेपर्यंत दाराशी थांबायचं, हे त्याचं काम. त्यामुळं आठवीचं विज्ञान त्यानं सव्वीस वेळा ऐकलं होतं.

अणूच्या धड्याची प्रारूपं त्यानंच केलेली. डाल्टनचा अणू म्हणजे भरीव गोळा. तो पोळ्याच्या बैलांसाठी आणलेल्या मातीचा. रदरफोर्डचा सायकलच्या तारांचा, मधोमध तांबडा मणी. बोरचाही तारांचाच, पण इलेक्ट्रॉनांच्या वाटा ठरवून दिलेल्या. अडलं होतं थॉमसनपाशी. पुस्तकात त्याच्या अणूला कसल्याशा विलायती पुडिंगची उपमा होती, आणि ते पिंगळीत कुणी खाल्लेलं नव्हतं, विज्ञानाच्या सरांनीसुद्धा. तेव्हा बायको शिवम्मा म्हणाली, "बेसनाच्या लाडवाला बेदाणे टोचले तर?" सर खूश झाले. लाडू म्हणजे सगळीकडं पसरलेला धन प्रभार, बेदाणे म्हणजे इलेक्ट्रॉन. तेव्हापासून या धड्याला अख्ख्या आठवीला लाडू मिळू लागले.

यंदा श्रावणात शिवम्मा गेली. तीन दिवसांचा ताप, परभणीचा दवाखाना, आणि चौथ्या दिवशी समाजाच्या रीतीप्रमाणं न जाळता, बसवून दिलेली माती. बसवराजच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लातूरला दिलेली मुलगी शिवरंजनी म्हणाली, "अप्पा, माझ्याकडं चला."

"शाळा हाय," तो म्हणाला.

आणि तेराव्या दिवशी तो शाळेत गेला. घरी आल्यावर भाजी करायचा, खायचा. भाजीत मीठच नसतं, हे त्याला आठवड्यानं शेजारच्या सगुणाबाईंनी चव घेऊन सांगितलं.

विज्ञानाचे सर जूनमध्येच निवृत्त झाले होते आणि जागा रिकामी होती. एके दिवशी मुख्याध्यापक आबासाहेब म्हणाले, "बसवराज, आठवीवर जाऊन बसा जरा. पोरं लय दंगा करायलेत."

त्यानं सवयीनं प्रारूपं उचलली आणि टेबलावर मांडली. पहिल्या बाकावरची अर्पिता म्हणाली, "मामा, लाडू?" शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

"यंदा न्हाईत," बसवराज म्हणाला. खडू संपलाय असं सांगावं तसं. मग काय करायचं ते न सुचल्यानं तो बोलायला लागला.

"आधी डाल्टन म्हणला, अणू म्हंजे गोटी. फुटत न्हाई. मग थॉमसननं त्याच्यातून इलेक्ट्रॉन काढून दाखविला. म्हंजे फुटतोय की. मग रदरफोर्डनं सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण मारले. बहुतेक आरपार गेले, पर हजारोंत एखादा माघारी आला. म्हंजे आत समदी मोकळी जागा, अन् मधी येवढासा जड कण. पर मग फिरता फिरता इलेक्ट्रॉन आत पडायला पायजे, त्यो का पडत न्हाई? त्याच्या वाटा ठरलेल्या हायत, असं बोर म्हणला."

अर्पितानं विचारलं, "मामा, पहिली तिन्ही चूकच निघाली, तर शिकायची कशाला?"

हे सरांच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं. बसवराजनं मातीचा गोळा उचलून तारांच्या अणूशेजारी ठेवला.

"आधीचं कुठं चुकलं ते कळलं तवा पुढचं सुचलं. एकदम चौथं कुणालाच सुचलं न्हाई."

"मग चौथं बरोबर?"

"न्हाई. सर म्हणायचे, आता वाटाबी न्हाईत. इलेक्ट्रॉन ढगावानी असतोय. हितंच हाय, असं बोट दाखविता येत न्हाई."

"त्याचं प्रारूप दाखवा की."

"ते आपल्याजवळ न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या अंगणात वेचलेला कापूस पडला होता. त्यातला मूठभर त्यानं मागून आणला, बोटांनी मोकळा केला, एक सरकी सोडून बाकीच्या काढून टाकल्या आणि ती मधोमध बसवून कापूस बाहेरच्या बाजूला विरळ विरळ करत नेला. त्यात दुपार गेली. संध्याकाळी शिवरंजनीचा फोन आला तेव्हा त्यानं ते सांगितलं.

"बरं वाटलं का, अप्पा?"

"काय की," तो म्हणाला. "दुपार गेली."

सुट्टीनंतर विज्ञानाच्या रिकाम्या जागी राजेश्री मॅडम रुजू झाल्या. कापसाचा अणू त्यांनी काचेच्या कपाटातून काढून बराच वेळ पाहिला.

"मामा, सरकी फारच मोठी झाली. या मापानं केंद्रक डोळ्यांना दिसायलाच नको."

"मग काढून टाकू?"

"छे, राहू द्या. काय चुकलंय ते पोरंच सांगतील."

पोरांनी चार चुका काढल्या. बसवराजनं त्या सगळ्या ऐकल्या. चौथी, अणूला नीट कड नाही ही, त्याला पटली नाही. "ढगाला कड कुठं असती?" तो म्हणाला. मॅडमनी ती फळ्यावरून पुसली. मग घंटा झाली आणि तो नववीचं सामान काढायला गेला.