शब्दांची जुडी

माणिकपूरच्या रिक्षा स्टँडजवळ गिरीज गावची एक मावशी मेथी विकायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. केळीच्या सोपटाने, खोडाच्या सुकलेल्या सालीने, ती जुड्या बांधायची, नजर गिऱ्हाइकाकडे, तरी गाठ नेमकी बसायची.

परदेशात वाढलेली तिची नात नाताळात पहिल्यांदाच घरी येणार होती. पोरीला मराठी येत नव्हतं.

"माझ्याशी बोललीच नाय तर?" मावशी म्हणाली.

यादी करणं हा माझा स्वभाव. मी कामाचे इंग्रजी शब्द काढले आणि भाजी घेताना एकेक अर्थासकट सांगू लागले. दोन-तीन दिवस तिने ऐकून घेतलं.

"टीचर, मेथीची सुटी काडी कोन नेतो का? जुडी बांधून दे."

मग मी पूर्ण वाक्यं सांगू लागले. पुटपुटत ती जुड्या रचायची.

नाताळानंतर गेले, तर तिच्या मागे फ्रॉकमधली एक मुलगी अवघडून उभी होती. मावशीने गोणपाटावर जागा केली.

"कम, सिट विथ मी."

मुलगी तिला चिकटून बसली. मावशीने तिच्या हातात सोपट दिलं.

आजही फळ्यावर नवा शब्द मी सुटा लिहीत नाही, वाक्यात बांधूनच लिहिते.