वाटूरच्या वरातीत मेंढरं

त्या दिवशी गाडीत आम्ही तिघंच होतो. मी गोदाबाई, मपली (माझी) नात सोनाली अन् डायवर रज्जाकभाई. माघं किरायाचे दोन डब्बे (मोठे स्पीकर), म्हशीएवढे. सोनाली अठरा वर्षांची. पंधरावं लागल्यापसून मोबाईलवर गाणे बनवून राह्यली. कानाला ते टोपणं लावले की घरात आग लागली तरी हिला पत्ता न्हाई. ही तिची पहिली सुपारी (कामाचं बोलावणं). मपला लेक दत्ता, सोनालीचा बाप, तिला बोलल्ता, "एक डाव जा. काही राडा झाला तर हे बिलकुल बंद. माय येईल संगं, खरं काय ते तीच सांगंल."

पिंपळगाव रेणुकाईहून सकाळी निघालो. खड्डा आला की सोनाली वरडायची, "चाचा, डब्बे!" मपल्या कमरेचं कुणी इचारलं न्हाई. भोकरदनला चहा घेतला, तो बी उभ्यानं. जालन्याच्या पुढं उन्हानं गाडीचा पत्रा असा तापला की हात लावायची सोय न्हाई. दोन्हीकडं नांगरून टाकलेली काळी रानं, हिरवं पान दिसंना.

वाटूरला मांडवापाशी नवरदेवाचा मामा आला.

"डीजेवाला कुठंय?"

"मीच," सोनाली बोलली.

"मजाक करती का? बापाला बोलीव."

मी बोलले, "बाप घरी हाय. मी बापाची माय. चालंल का?"

वरात निघाली. जो तो गाडीवर चढून फर्माईश सांगे. एकच गाणं चारदा लावलं. मपलं डोकं भणभणलं. मंग सोनालीनं मधीच सवता बनवलेलं गाणं लावलं. त्यात तिनं मी वाजवलेली शीळ घातल्ती. आम्ही मेंढरांमागं हिंडलेली माणसं. मेंढरांना पाण्यावर न्यायची शीळ ह्या भागात सगळ्यांची एकच. पोरं लई नाचले. मला बी उलीसं (थोडंसं) बरं वाटलं.

तेवढ्यात रानाकडून धुरळा आला. धुरळ्यात मेंढरं.

सरळ वरातीत घुसले. गाडीखाली, पोरांच्या पायात, बायांच्या लुगड्यात. एका मेंढीनं घोड्याच्या गळ्यातला हार खाल्ला. घोडं बुजलं, नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून बसला. सोनालीनं आधी मशीन बंद केली. मामा धावून आला, "म्हणून म्हणलं बापाला बोलीव!"

माघून मेंढरंवाला म्हातारा आला, रागानं लाल झालेला. "पाण्याची शीळ कुणी वाजवली? बोलावलं अन् पाणी न्हाई दाखवलं, तर उद्या हे मपलं ऐकतील का?"

त्याचं बराबर होतं. सोनाली खाली उतरली, नवरदेवाच्या मामाला बोलली, "मामा, मांडवापाशी पाण्याचा टँकर हाय ना? टप भरून द्या."

"मुहूर्त टळंल! गाणं लाव जल्दी."

"पाजल्याबिगर लावणार न्हाई."

मनात म्हणलं, गेली सुपारी. तर नवरदेव घोड्यावरून बोलला, "पाजा ना मामा. मला बी उतरू द्या, मांड्या भरल्या." पोरांनी आचाऱ्याचे टप ओढून आणले. मेंढरं पेले अन् म्हाताऱ्याच्या माघं निमूट गेले. मंग वरात पुढं.

आम्हाला जेवण शेवटी. बट्टी गार, वांग्याची भाजी जहाल. निघताना मामा रज्जाकभाईला बोलला, "पुन्हा हिला गावात आणू नका." सोनालीनं ऐकलं. येताना साऱ्या वाटंनं तिनं कानाला टोपणं लावले न्हाई.

घरी दत्तानं मला इचारलं. घोडं, हार, मामा, सगळं सांगितलं. पाणी बी सांगितलं. तो बोलला, "करू दे तिला. पण आता हिला बोलवंल कोण?"

म्हणून हे सांगून राह्यले. तुमच्याकडं लगीन असंल, हळद असंल, तर मपल्या सोनालीला बोलवा.