विद्याताईची स्पॅनिश

विद्याताई आज सकाळी गेली.

माजलगावात, आमच्या गल्लीत बसून तिनं मला स्पॅनिश शिकवली.

आधी ती पुण्यात क्लासमध्ये स्पॅनिश शिकवायची. कॅन्सर झाला, नोकरी सुटली, आईकडं परत आली.

गल्ली तिला बघायला जायची. बघायची, उसासा टाकायची, घरी यायची.

मीही गेलते. आईनं दिलेला खिचडीचा डबा घेऊन. बी.कॉम. होऊन घरी बसलेली, स्थळं बघणं चालू.

ताई म्हणाली, "बस. पण तब्येतीचं विचारू नको. दुसरं काहीही विचार."

मी म्हटलं, "स्पॅनिशमध्ये 'मी बोलते' कसं म्हणायचं?"

"आब्लो."

"आणि 'तू बोलतेस'?"

"आब्लास."

तिथनं सुरू झालं.

आब्लो, आब्लास, आब्ला.
आब्लामोस, आब्लाइस, आब्लान.

"आपल्यासारखंच हाय," ती म्हणायची. "मूळ तसंच ठेवायचं, शेपूट बदलायचं. 'बोलतेस' म्हटलं की 'तू' वेगळं सांगावं लागतं का?"

लिहिताना पुढं 'ह' असतो, पण बोलायचा नाही. मला नवल वाटलं.

"नवल काय त्यात? आपण तरी 'आम्ही' कुठं म्हणतो? 'आमी'च म्हणतो."

मग रोज दुपारी जायला लागले.

एकदा म्हणाली, "म्हैस कडबा खाते, हे सांग."

मी 'कोमे'च्या जागी 'कोमो' म्हणाले. मराठीत मी पण खाते आणि म्हैस पण खाते, त्यामुळं माझी कायम गडबड.

"म्हणजे कडबा तू खातेस," ताई म्हणाली.

केमोनं थकलेली बाई पोट धरून हसली.

घरी आई ओरडायची, "आजारी माणसाला कावून तरास देती?"

मलाही तसंच वाटायचं. पण ताई वाट बघायची.

मग 'बीबीर' आलं. म्हणजे जगणं.

तोवर तिला उशीला टेकूनच बसता यायचं. मी म्हटलं, "ताई, आज दुसरं घेऊ."

"कावून? क्रियापद हाय ते. त्याला काय कळतंय कोण आजारी हाय. म्हण."

बीबो. बीबेस. बीबे.

पुढं मी वही मिटायला लागले.

"बीबिमोस," ती म्हणाली. आपण जगतो. उरलेलं दोघींनी मिळून म्हटलं.

स्पॅनिश लागणाऱ्या नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू मी तिच्याच खोलीत दिला. ती कॅमेऱ्याबाहेर पलंगावर पडून. एका प्रश्नाला मी अडकले, तरी तिनं ओठसुद्धा हलवला नाही.

नंतर विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"नोकरी तुला करायचीय."

लागली नोकरी. वर्क फ्रॉम होम. स्थळांना सध्या आईच थांबायला सांगते.

आज दुपारी ताईला नेल्यावर मी काकूंजवळ, तिच्या आईजवळ, बसले. मनात भीती होती. लेकीचा राहिलेला वेळ मी घेतला, असं त्यांना वाटत असेल तर?

काकूंनी माझा हात धरला.

मग म्हणाल्या, "तुमी काय बोलायच्या ते मला कळायचं न्हाई. पण तू आली की ती हसायची. त्याच्यासाठी मी दुपारची झोपायचे न्हाई. आत ऐकत बसायचे."

आणि माझा हात सोडेनात.

ताई, लई दिलंस.
आता आराम कर.