कॉलनीचे आतले कपडे

आमच्या धाराशिवच्या कॉलनीत दान कसं केलं जातं, ते आधी सांगते. कपडा जुना झाला की घरातली म्हातारी माणसं त्याला हात लावून बघतात. मऊ सुती लुगडं किंवा धोतर असेल तर ते वाकळेला जातं, म्हणजे घरातच राहतं. बाकीचं भांडेवालीसाठी. ती दारात बसकण मारते, एकेक कपडा उजेडात धरते, शिवणीत बोट घालते, चेन वरखाली करून बघते आणि ढीगभर कपड्यांवर एक स्टीलची वाटी देते. तिनं नको म्हणून बाजूला सारलेलं जे उरतं, ते आम्ही दान करतो.

आणि ते दान गेली काही वर्षं माझ्या घरी येऊन पडतं. मी ढोकीजवळच्या शाळेत शिकवते. हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या मागच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. कॉलनीतले कपडे गोळा करून मी तिथं नेते. "बाई, लई पुण्याचं काम करता," असं लोक म्हणतात, आणि ते ऐकायला मला आवडत आलं आहे. हेही लिहून टाकते, कारण आता लपवून काही उपयोग नाही.

गेल्या हंगामात साड्या वाटून निघाले होते. ईट गावाकडच्या एका बाईनं मला कोपीच्या आडोशाला नेलं. तिची थोरली पोर पाठीमागं ओढणीचं टोक चावत उभी होती.

"बाई, साड्या लई झाल्या. हिला आतलं काय हाय का?"

मला कळलं, तरी मी म्हटलं, "आतलं म्हणजे?"

"औंदा शानी झाली. कापड घ्यायचं तर कशाच्या आधारानं घ्यायचं? कमरंला नाडी बांधती. उसात वाकली की सरकतंय. मग दिवसभर तसंच."

शेजारून ट्रॅक्टर चालला होता. मी त्या ट्रॅक्टरकडं बघत "आणते पुढच्या वेळी" म्हणाले. पुढची वेळ म्हणजे पुढचा रविवार असू शकला असता. दुकानात जायचं आणि एक वस्तू मागायची, एवढंच काम होतं. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ऊस संपून पट्टा पडला, कारखाना बंद झाला आणि टोळ्या गावाकडं गेल्या.

या वर्षी टोळ्या आल्या, त्यात तीही मायलेकी दिसल्या, तसा मी पहिल्याच आठवड्यात कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज लिहायला घेतला. ग्रुपवर सगळ्यांचे नवरे आहेत, निवृत्त साहेब आहेत, माझे दीर आहेत. 'मुलींसाठी नवीन चड्ड्या' असं लिहिलं आणि खोडलं. 'निकर' लिहिलं, खोडलं. 'अंतर्वस्त्रे' लिहिलं तर ते सरकारी निविदेसारखं दिसायला लागलं. शेवटी लिहिलं, 'बायका-मुलींच्या उपयोगाचे सर्व प्रकारचे कपडे द्यावेत, ही विनंती.' खाली हात जोडले. वर्गात प्रजनन संस्थेचा धडा शिकवते मी. दरवर्षी शिकवते.

मग गाठोडी यायला लागली. सर्व प्रकारचे म्हटल्यावर लोकांनी खरोखर सर्व प्रकारचं दिलं. रबर मेलेल्या चड्ड्या, काखेत पिवळे पडलेले ब्लाउज, हूक नसलेल्या ब्रा, पुरुषांचे बनियन. समोरच्या वहिनी पिशवी ठेवत म्हणाल्या, "भांडेवालीनं हात लावला नाही बघा. म्हटलं तुमच्याकडं तरी खपतील."

माझ्या सासूबाई पलंगावर बसून होत्या. वहिनी गेल्यावर त्यांनी काठीच्या टोकानं एक बनियन उचलला.

"ह्याच्यातनं समोरचं घर दिसतंय."

"असू द्या आत्या. फरशी पुसायला होईल."

"आन ही? हिचं हूक कुटं गेलं?"

"काढून घेतलं असेल."

"घेत्यात. दान करताना हूक कशाला वाया घालवायचं."

त्या हसल्या. मला हसू येत नव्हतं. मी एकेक वस्तू दोन बोटांनी बाजूला करत होते आणि कॉलनीतल्या प्रत्येक घराला मनातल्या मनात शिव्या घालत होते. बाळाच्या बारशाला पाचपन्नास माणसं जेवू घालणारी घरं, आणि त्यांच्या हातून नवी चड्डी सुटत नाही. कितीतरी वेळ मी असाच राग राग केला. त्या रागात एक बरं असतं, स्वतःकडं बघावं लागत नाही.

त्यातल्या त्यात धड दिसणाऱ्या चड्ड्या मी वेगळ्या काढल्या आणि पातेल्यात सोडा घालून उकळल्या. म्हणजे त्या पोरीला मी दुसऱ्या बायकांनी वापरलेल्या चड्ड्या देणार होते. माझ्या लेकीला दिल्या असत्या का? हा प्रश्न मी तेव्हा विचारलाच नाही. उकळलंय म्हणजे झालं, असं मला वाटलं.

वाळत घालायला गच्चीवर निघाले तशा सासूबाई म्हणाल्या, "वर धोतर टाक गं."

आमच्याकडं बायकांचे आतले कपडे असेच वाळतात. दोरीवर, पण टॉवेलच्या नाहीतर परकराच्या खाली. ऊन लागत नाही, दमट राहतात, मग खाज सुटते, मग आम्ही डॉक्टरला सांगतो की अंगात उष्णता झाली. लग्न झाल्यापासून मीही तेच करत आले. त्या दिवशी मात्र डोकं इतकं फिरलं होतं की सगळं उघड्यावर टाकलं, चिमटे लावून, ओळीनं.

चहा व्हायच्या आत समोरच्या वहिनी वर आल्या.

"अहो, ते आमचं खाली घ्या. चौकातून दिसतंय."

"तुमचं कोणतं?"

"जांभळं. तुम्हाला काय सांगायचं आता. ह्यांनी गाडी लावताना ओळखलं."

"वहिनी, तुम्ही ते देऊन टाकलंय."

"गरिबाला दिलंय. गावाला दाखवायला नाही दिलं."

"मग ती पोरगी ते कुठं वाळत घालणार?"

"तिकडं कोण ओळखतंय आपल्याला?"

मी जन्मात कुणाशी मोठ्यानं भांडलेले नाही. त्या दिवशी आवाज चढला. "मला जुन्या नकोच होत्या. मला नव्या पाहिजे होत्या. एका पोरीला. तिची पाळी सुरू झाली आहे."

 वहिनी चिमटे काढत काढत म्हणाल्या, "मग तसं लिहायचं ना. सर्व प्रकारचे कपडे म्हणे. आम्हाला काय स्वप्न पडतंय? मी आणल्या असत्या की दोन." आणि जांभळी चड्डी पदराखाली धरून खाली गेल्या.

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. एक वर्ष ती पोर नाडीच्या आधारानं उसात वाकत होती, कारण मला एक शब्द उच्चारायचा नव्हता. मी कॉलनीकडं दान मागत होते ते स्वतःला दुकानात जावं लागू नये म्हणून.

तरी दुकानात गेले तेव्हाही नीट गेले नाही. धाराशिवच्या दुकानात काउंटरवर पुरुष. मी बोटानं वरच्या फळीकडं दाखवलं. त्यानं माप विचारलं, मी "लहान मुलीची" म्हणाले. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, मी न बघता पिशवीत कोंबल्या.

कोपीसमोर त्या पोरीनं कागद तिथल्या तिथं फाडला. एक चड्डी ड्रेसवरूनच कमरेला लावली आणि हसायला लागली.

"बाई, ह्या मला न्हाय बसायच्या."

आईनं हातात घेऊन ताणून बघितली. "मागल्या वर्सी बसल्या असत्या. लई वाढली औंदा." मग माझ्याकडं बघून घाईनं म्हणाली, "असू द्या, धाकटीला व्हतील. वाया न्हाय जायच्या."

"मोठ्या मिळतेत का?" पोरीनं विचारलं. सरळ विचारलं, ओढणी बिढणी न चावता.

'पुढच्या वेळी' असं माझ्या तोंडात आलं होतं. मी तिला म्हटलं, "चल, चप्पल घाल."

ढोकीच्या बाजारात कपड्यांचं दुकान आहे. आत दोन ड्रायव्हर टॉवेल बघत होते. मी दुकानदाराला म्हटलं, "हिच्या मापाच्या चड्ड्या दाखवा. सुती." ते ओरडल्यासारखं निघालं. एका ड्रायव्हरनं मान वळवली आणि परत टॉवेलकडं बघायला लागला. एवढंच झालं.

दुकानदारानं खोकं उघडून समोर ठेवलं. पोरगी एकेक काढून बघायला लागली. रबर ताणायची, सोडायची, उलटी करून शिवण बघायची. एक बाजूला ठेवायची, मग परत उचलायची. माझी साडेपाचची एसटी निघून जाणार होती आणि मी चुळबुळ करत होते. तिला कसलीही घाई नव्हती.

"हे टोचतंय," ती दुकानदाराला म्हणाली. "दुसरं दाखवा."