एका नंबरावर चार पेशंट

पुण्यातली नोकरी सोडून मी वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीला घरी परत आले, तेव्हा ‘आमच्याकडे पुण्यात असं करत नाहीत’ हे वाक्य माझ्या तोंडून दिवसातून दहा वेळा तरी निघायचं. आता आठवलं की माझा मलाच राग येतो. घरापासून दहा मिनिटांवर, कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर आमची कंपनी होती. आम्ही नऊ माणसं दवाखान्यांसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर बनवायचो. पेशंट काउंटरवर आला की त्याचं नाव, गाव, मोबाईल नंबर टाकायचा आणि केसपेपर काढायचा, एवढं ते काम.

नवी आवृत्ती दवाखान्यात जाण्याआधी ती तपासायच्या काकू. पन्नाशीच्या, वडनेरच्या, मुलींच्या शिक्षणासाठी वर्ध्याला आलेल्या. पूर्वी त्या स्वतः एका दवाखान्याच्या काउंटरवर बसायच्या. त्यांच्याजवळ लाल पुठ्ठ्याची जाड वही होती. काय टाकायचं, कुठे दाबायचं, मग काय दिसलं पाहिजे, सगळं हातानं लिहिलेलं. वही मांडीवर घेऊन त्या अडीच दिवस एकेक ओळ करून बघायच्या आणि पेन्सिलीनं टिक मारायच्या. मला ते बघवेना.

“सर, हे सगळं संगणक आपलं आपण करू शकतो,” मी मालकांना सांगितलं. “एकदा लिहून ठेवायचं, मग बटन दाबलं की तपासणी सुरू. आमच्याकडे पुण्यात...”

“माईत हाये तुयं पुणं,” सर हसले. “करून दाखव. जमलं तं मंग काकूले काय काम द्याचं, का थांबवाचं, ते पाहू.”

काकू मागच्याच टेबलावर होत्या. त्यांची पेन्सिल थांबली. त्यांची धाकटी अजून शिकत होती, आणि घरात नोकरी काय ती यांचीच. मला ते ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त माझं ऑटोमेशन होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनीच वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. “घे वं पोरी. यातूनच करजो. पानं तेवढी दुमडू नोको.”

त्यांनी आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग महिनाभर मी कामात बुडाले. फोन कायम मुका. दुपारी बाबा डबा घेऊन जिन्याखाली उभे राहायचे, मला फोन लावायचे, आणि मी तो न बघताच कापायची. मग ते काकूंना लावायचे. काकू खाली जायच्या, दहा मिनिटं गप्पा मारायच्या आणि डबा माझ्यासमोर ठेवून म्हणायच्या, “खाऊन घे, भाजी निवून राह्यली.”

वहीतल्या एका पानावर मी अडखळले. चार पेशंट, चार वेगवेगळी नावं आणि चौघांपुढे एकच मोबाईल नंबर. कंटाळल्या असतील बिचाऱ्या, मला वाटलं. चौघांना मी चार निराळे नंबर देऊन टाकले आणि वर त्यांची चूक मुकाट्यानं सुधारल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दाखवायचा दिवस उजाडला. सरांनी गोरसपाक, आमच्या वर्ध्याची खास तुपातली बिस्किटं, आणून ठेवला होता, सगळे माझ्या पडद्याभोवती जमले. मी बटन दाबलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. पडद्यावर रकाने आपोआप भरू लागले, केसपेपर निघू लागले आणि बाजूला एकेक ओळ हिरवी होत गेली. अडीच दिवसांचं काम अकरा मिनिटांत झालं. एकही लाल ओळ नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर नाचायचीच बाकी होते. सगळ्यात जोरात टाळ्या काकूंच्या होत्या.

मग काकूंनी विचारलं, “थे चार पेशंटवालं पान कुठी हाये वं?”

“हे काय, हिरवं आहे.”

“एकच नंबर टाकला ना?”

“नाही, दुरुस्त केला मी. चौघांचा एकच नंबर कसा असेल, काकू?”

काकू पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. “सरक जराशी,” म्हणाल्या. खुर्ची ओढून त्यांनी स्वतः नोंदणी सुरू केली. पहिली म्हातारी, तिचा केसपेपर निघाला. दुसरा तिचा पुतण्या, नंबर तोच. पुतण्याचा केसपेपर निघाला आणि यादीतून म्हातारी गायब झाली. चौथ्या नोंदीनंतर यादीत एकच माणूस उरला होता.

नंबर टाकला की जुनाच पेशंट समजून त्याचं पान उघडायचं, ही या आवृत्तीतली नवी सोय होती. ती मीच केली होती, आणि त्या पानावर दुसरं नाव टाकलं की पहिलं पुसलं जातं, हे मला दिसलंच नव्हतं.

“अवं, आमच्या गावाहून दवाखान्यात येते तं एका गाडीत चार-पाच जनं येते,” काकू समजावू लागल्या. “काउंटरवर नंबर इचारला का जो फोन उचलते त्याचाच नंबर सांगते सगळे. बाकीचे वावरात राह्यते, फोन घरी राह्यते.”

“मग हा वहीतला नंबर कोणाचा?” सरांनी विचारलं.

“मायाच. मी वर्ध्यात राह्यते ना. अर्ध्या गावाचे रिपोर्ट मलेच येते.”

सोमवारी ही आवृत्ती दवाखान्यात जाणार होती. माझे कान तापले, आणि मग मलाही हसू फुटलं, आवरता आवरेना. हसता हसताच मी म्हटलं, “सर, या तपासण्या काकूंनी लिहायच्या. मी फक्त शिकवते.”

सरांनी गोरसपाकाचा डबा आधी काकूंपुढे धरला. “घ्या काकू. हे मशीन आता तुमच्या हाताखाली.”

काकूंनी पहिली तपासणी स्वतः लिहिली ती अर्थातच त्याच पानाची. माझी चूक मी मुद्दाम अजून काढली नव्हती. त्यांनी बटन दाबलं आणि ओळ लाल झाली. “लाल झालं व माय, लाल झालं!” काकू खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागल्या. चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पुण्यात पाहिलं नव्हतं. मग मी दुरुस्ती केली, ओळ हिरवी झाली, आणि तरीही काकूंनी वहीत पेन्सिलीनं टिक मारलीच.

चारेक महिन्यांनी दुपारी काकूंचा फोन वाजला. “हो... हो, सांगते,” म्हणून त्यांनी तो ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. “दवाखान्यातून होता. तुया बाबाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. चांगला हाये सगळा.”

बाबांनी रक्त तपासायला दिलंय, हे मला माहीतच नव्हतं. मी तडक घरी गेले. बाबा अंगणात मेथी निवडत बसले होते.

“माझा नंबर का नाही दिला?” मी तणतणत विचारलं.

“तू कुठी उचलते?” बाबा मान वर न करता म्हणाले. “थे काकू उचलते.”

मी त्यांच्याजवळ बसून मेथी निवडू लागले.

दुसऱ्या दिवशी एका नंबराच्या त्या तपासणीत काकूंनी पाचवा पेशंट टाकला होता. वय बाबांचं, गाव नालवाडी, नंबर तोच. मी पूर्ण वाचलं, आणि या वेळी काही दुरुस्त केलं नाही.