मधला दिवा लागत नव्हता

बायको जाऊन सव्वा महिना झाला होता. मी दुपारी पेरूच्या बागेतनं जेवायला घरी आलो, तर घरातले सगळे दिवे चालू होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत चारही खोल्यांत दिवे. गोठ्यातलासुद्धा. आई उंबऱ्याजवळ बसून मेथी निवडत होती.

"दुपारचं दिवं कशाला पेटवून ठेवलंस?" तिनं विचारलं.

"मी न्हाय पेटवलं."

"मग कुणी?"

मी चप्पल काढून आत गेलो. एकेका खोलीत जाऊन भिंतीवरची बटणं बंद केली, हात धुतले आणि जेवायला बसलो. आईनं पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरी आता आम्ही दोघंच. मूलबाळ नाही.

हे दिवे बायकोनं बसवले होते. ती बारामतीत हायस्कूलला कॉम्प्युटर शिकवायची. शेवटच्या वर्षात तिला उठणं जड जायला लागलं, तेव्हा तिनं मोबाइलवर चालणारे बल्ब मागवले आणि त्यांच्यासोबत तळहाताएवढी एक पांढरी पेटी. त्या पेटीला ती हब म्हणायची. सगळे बल्ब त्या पेटीचं ऐकणार आणि पेटी मोबाइलचं. पेटीला वायफाय नव्हतं. पुढच्या खोलीतल्या इंटरनेटच्या राउटरपासून तिच्या पलंगापर्यंत वायर ओढावी लागली. ते काम तिनं आणि तिच्या वडिलांनी मिळून केलं. सासरे इंदापूरला राहतात. जन्मभर टेलिफोनच्या खात्यात लाइनमन होते. ती पलंगावरून सांगत होती आणि ते भिंतीकडेनं, दाराच्या चौकटीवरून प्लास्टिकची पट्टी ठोकत होते. मी त्या दिवशी बाजारला माल घेऊन गेलो होतो. आलो तेव्हा दोघं चहा पीत होते आणि ती पडल्या पडल्या गोठ्यातला दिवा लावून मला दाखवत होती.

ती गेल्यावर लोक म्हणायचे, रडून घ्या, मोकळं व्हा. मला रडू येत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही. तसं होतं. कामं सगळी करत होतो. पेरूला फोमच्या जाळ्या घालत होतो, धार काढत होतो, आईची गोळी वेळेवर देत होतो. कुणी विचारलं तर बरं हाय म्हणत होतो, आणि ते खोटंही नव्हतं.

दिवे मात्र, रात्री बटणं परत चालू केल्यावर, दुसऱ्या दिवशीही भलत्या वेळी लागले. मग मी तिच्या खोलीत जाऊन त्या पेटीकडं नीट बघितलं. पेटीवर तीन बारीक दिवे असतात. पहिला विजेचा, मधला वायरचा, तिसरा इंटरनेटचा. पहिला चालू होता. मधला आणि तिसरा बंद. मी वायर काढली, परत घातली, टक्क असा आवाज आला, मधला दिवा लागला नाही. राउटरकडचं टोक दुसऱ्या खाचेत घालून बघितलं. काही नाही. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडच्या मुलीनं मला पेटी बंद करून पुन्हा चालू करायला लावली, तीनदा. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "सर, हे ज्यांनी बसवलं त्यांच्याशी बोलता येईल का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग ते उपलब्ध असतील तेव्हा परत फोन करा." मी बरं म्हणून फोन ठेवला. मला तिचा रागही आला नाही.

बारामतीतल्या एका दुकानदारानं पेटी न बघताच सांगितलं, "हब गेला. नवीन बसवा." मी नुसती मान हलवली. घरी येऊन पेटी उचकटून टाकायची आणि साधे बल्ब लावायचे, असं ठरवून टाकलं. त्यात अडचण काहीच नव्हती. पण सासऱ्यांचा फोन रविवारी यायचा, तो त्याच संध्याकाळी आला. काय चाललंय विचारल्यावर मी दिव्यांचं सांगितलं, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

"काढू नगा," ते म्हणाले. "मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणायला बारामतीच्या स्टँडवर गेलो. एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्याला खात्याची जुनी खाकी पिशवी होती. पंचाहत्तरीचा माणूस. दहाव्यानंतर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. मोटारसायकलवर ते माझ्या मागं बसले आणि आमच्या गावापर्यंत, कन्हेरीपर्यंत, आम्ही फक्त उसाच्या ट्रॉल्यांबद्दल बोललो.

घरी चहा झाल्यावर ते सरळ तिच्या खोलीत गेले. पलंगाच्या मोकळ्या जागेकडं त्यांनी बघितलं आणि लगेच खाली बसून पेटी हातात घेतली.

"जावईबापू, एक करा. ही पेटी आन् तिची विजेची वायर घिऊन राउटरपाशी चला. ही लांबडी वायर हितंच ऱ्हाऊ द्या."

पिशवीतून त्यांनी हातभर लांबीची वायर काढली. राउटरला एक टोक, पेटीला दुसरं. मधला दिवा लागला. थोड्या वेळानं तिसराही लागला.

"पेटी चांगली हाय," ते म्हणाले. "खोट लांबड्या वायरीत हाय. आमच्या खात्यात असंच करायचे. एकएक वगळत जायचं."

मग त्यांनी दोन तुकड्यांचा एक टेस्टर काढला. एक तुकडा राउटरकडच्या टोकाला लावून मला दिला आणि दुसरा घेऊन ते आतल्या खोलीत गेले. वायरीच्या आत आठ तारा असतात आणि टेस्टरवर आठ दिवे. तार शाबूत असेल तर तिचा दिवा लागतो. आतून त्यांचा मोठ्यानं मोजण्याचा आवाज येत होता. "एक. दोन. ... चार. पाच. ... सात. आठ." पुन्हा तसंच. तीन आणि सहा येत नव्हते.

"हिरवी जोडी तुटलीया," ते बाहेर येऊन म्हणाले. "कुठंतरी चेमटली असंल."

आम्ही वायरीच्या बाजूनं चालायला लागलो. ते बोटानं पट्टी दाबत पुढं, मी मागं. खोलीच्या दाराशी चौकटीच्या खालच्या अंगाला पट्टी फुटली होती आणि लाकडावर एक लांब ओरखडा होता. ते वाकून बघत राहिले.

मला कळलं. शेवटचे दोन महिने तिच्यासाठी दवाखान्यातला असतो तसा लोखंडी पलंग भाड्यानं आणला होता. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो परत करायचा होता. चौघांनी उचलला. पायथ्याकडून मी होतो. दारात तो अडकला, कुणीतरी तिरपा करा म्हणालं आणि मी जोर लावून ढकलला. काहीतरी कडकन वाजलं होतं. मी बघितलं नव्हतं.

"मामा, हे माझ्या हातनं झालंय," मी म्हटलं आणि पलंगाचं सांगितलं.

त्यांनी फुटक्या पट्टीचा तुकडा ओढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पलंग तर न्यायलाच पाहिजे हुता."

त्यांनी पकड काढली आणि चेमटलेल्या जागेच्या अलीकडं वायर कापली. आत आठ रंगांच्या तारा. त्या त्यांनी एकेक करून सरळ केल्या. ते पुटपुटत होते, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा..." मग थांबले. "पुढं पांढरा-निळा," स्वतःशीच म्हणाले. "आमच्या टायमाला असलं नव्हतं. दोन तारा असायच्या. हे तिनं पाठ करून घेतलं माझ्याकडनं. चुकलो की पहिल्यापासनं म्हणायला लावायची. मास्तरीण."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो होतो. तारा प्लास्टिकच्या नव्या टोकात सरकवून त्यांनी ते टोक पक्कं करायच्या दाबयंत्रात धरलं आणि मला म्हणाले, "दाबा. माझ्यात जोर न्हाय ऱ्हायला." मी दाबलं.

तसंच बसून मी म्हटलं, "मामा, मला रडू येत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. टोक उजेडात धरून तारा बरोबर बसल्यात का बघत होते. "मलाबी न्हाय येत," ते म्हणाले. "तिची आई गेली तवा आलं हुतं. ह्या वक्ताला न्हाय. शेजारची बाई म्हणती, काळीज दगडाचं हाय म्हाताऱ्याचं."

"मग?"

"मग काय. खातो-पितो. आज तुमच्याकडं आलो."

पुन्हा टेस्टर लावला. आठही दिवे लागले. वायर आता दारापर्यंतच पुरत होती, म्हणून पेटी आतल्या खोलीत गेली नाही. मधल्या खोलीत, दाराच्या अलीकडं, त्यांनी ती भिंतीला स्क्रूनं बसवली. तिन्ही दिवे लागले. दिवे दुपारी का लागत होते तेही मग त्यांनी सांगितलं. मागच्या आठवड्यात दिवसभर लाइट गेली होती. दिवे ठरवून दिलेल्या वेळेला लागतात आणि ती वेळ ही पेटी इंटरनेटवरून घेते. वायर तुटलेली, त्यामुळं लाइट आल्यावर तिचं घड्याळ भरकटलं.

खात्री करायला मी बायकोचा मोबाइल चार्ज करून उघडला. त्यात तिनं दिव्यांच्या वेळा लावून त्यांना नावं दिली होती. पहाटेच्या वेळेचं नाव होतं 'धार'. सकाळी आठचं 'आईंची गोळी'. संध्याकाळी सातचं 'हे आले नाहीत अजून'. मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन स्वतः एकदा वाचलं.

"बदलायचं का काही?" त्यांनी विचारलं.

"नको. असू द्या."

आईनं पिठलं-भाकरी केली होती. ती त्यांना म्हणाली, "पाव्हणं, ऱ्हावा की आज." पण त्यांच्या घरी कोंबड्या होत्या, त्या संध्याकाळी कोंडायच्या होत्या. चारच्या गाडीला मी त्यांना सोडलं. खिडकीतून ते म्हणाले, "रविवारी तुमीच या इंदापूरला. फोनवर काय बोलायचं सुचत न्हाय."

रविवारी गेलो. दुपारभर आम्ही त्यांच्या परसातल्या खुराड्याची जाळी बदलली. बोलणं फारसं झालं नाही. निघताना त्यांनी कोळ्याकडून घेतलेली उजनी धरणाची मासळी पिशवीत बांधून दिली. आईनं रात्री कालवण केलं. काटे फार होते, म्हणून आम्ही दोघं सावकाश जेवलो.